बर्फातली बाटली

समीक्षा : पायसदादा, तेच तेच विचारू नका. तुकड्याचे नवे काप काढून परत रंगवले. नुसते गुलाबी होतात.

पायस : गुलाबी म्हणजे बरा मा?

समीक्षा : बरंही नाही, वाईटही नाही. पेशीचं केंद्रक निळं उठावं लागतं. ते बघून लॅबचे सर सांगतात, गाठ कसली आहे. इथे निळा रंग धरतच नाही. तुकडा खराब झालाय. कार्मीनवहिनींच्या छातीतून काढल्यावर डॉक्टरांनी औषधात बुडवून दिला होता ना?

पायस : दिल्यानी.

समीक्षा : मग आमच्या लॅबमध्ये आलं ते साधं पाणी कसं?

पायस : औषध ओतलंय मी.

समीक्षा : ओतलंत?

पायस : फॉर्मलीनचो वास इलो, बाय. मासळीक फॉर्मलीन लावतत म्हणान बोंब झाली, तेवा माझी बांगड्याची गाडी राज्याच्या हद्दीवरसून परत धाडल्यानी. ताजे बांगडे खड्ड्यात पुरलंय. आणि ताच इख माझ्या बायलेच्या मांसाक? पाण्यान धुतलंय आणि मीठ घातलेल्या बर्फात ठेवलंय. तुमची लॅब बंद होती. बर्फ इतळलो काय परत घाली होतंय.

समीक्षा : बर्फात मासळी टिकते, दादा. हा तुकडा गोठला, वितळला, परत गोठला. पेशी फुटल्या सगळ्या.

पायस : माका कोणी सांगूक नाय. हातात बाटली दिल्यानी, कणकवलेक पोचव म्हणाले.

समीक्षा : एक फोन करायचा होतात. राग येतो मला तुमचा. त्या डॉक्टरांचाही येतो. 'ओतू नका' एवढं सांगायला काय जात होतं त्यांचं?

पायस : आणखी एकदा रंगव गो. कायतरी दिसात.

समीक्षा : जे उरलंच नाही, ते रंगवून दिसणार कसं? तुकडा परत काढावा लागेल.

पायस : ती देवची नाय. एकदाच कापतले म्हणान क्रुसार हात ठेवन सांगितलंय, तेवा खंय तयार झाली. तू सांग तिका. मशीन बिघडला म्हण.

समीक्षा : मी खोटं बोलणार नाही. बाहेर बाकावर बसल्यात त्या. तुम्हीच सांगा.

(कार्मीन दारात येऊन उभी राहते.)

कार्मीन : काय झाला? रिपोर्ट गावलो?

पायस : रिपोर्ट नाय. बाटलेतला औषध मी ओतलंय, तेच्यान तुकडो वाया गेलो. परत कापूचा लागतला.

कार्मीन : बर्फ घाली होतंस तेवा इचारलंय मी. तुका काय कळता, म्हटलंस.

पायस : चुकलंय.

कार्मीन : समीक्षा, परत कधी जावचा ता माका सांग. ह्या खेपेक बाटली मी धरतलंय.