कडकन वाजलं तेव्हा

सून : उशी छातीशी घट्ट धरा आणि मग खोका. दुखणारच, बरगड्या मोडल्यात.

सासरे : किती?

सून : मोजत बसले नाही. पहिल्याच दाबाला एक गेली, कडकन. मग पुढच्या.

सासरे : तरी थांबली नाहीस?

सून : हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची म्हणजे अंग चेपणं नव्हे. गादीवर दाबून उपयोग नाही, म्हणून फरफटत फरशीवर घेतलं तुम्हाला. कवळी काढली. ओकलात, ते पुसलं. घामाने हात घसरत होते, मनगटं भरून आली, गुडघे सोलले. मध्येच तुम्ही आचका दिलात, तर शेजारीण म्हणाली, आला श्वास. तो कसला श्वास. दवाखान्याची गाडी येईपर्यंत दाबत राहिले.

सासरे : उपकार झाले बाई.

सून : उपकार नाहीत, सूड आहे.

सासरे : आजारी माणसाशी असं बोलतात?

सून : तुमच्या लेकाची छातीही अशीच दाबत होते. कडकन वाजलं आणि तुम्ही दंडाला धरून मला बाजूला फेकलंत.

सासरे : सुतार माणूस मी. उभा जन्म लाकडात गेला. कडकन वाजलं की हात आवरायचा, नाहीतर फळी गेलीच. मला वाटलं, तू मोडतेयस त्याला.

सून : वाटलं, इथवर ठीक. चूक कुणाचीही होते. पण नंतर चारचौघांत काय सांगत सुटलात? सुनेने छाती मोडून नवरा मारला. नणंद तेव्हापासून माझ्या हातचं पाणी पीत नाही.

सासरे : वाचला असता का गं तो?

सून : माहीत नाही. तुम्ही कळूच दिलं नाहीत.

सासरे : मग मला तरी कशाला वाचवलंस? द्यायचं सोडून.

सून : आलं होतं मनात. पण तुम्ही गेला असतात तर खरं सांगायला कोण उरलं असतं? म्हणून जीव खाऊन दाबलं. आता श्वासागणिक ठणकेल, आणि ठणकलं की कळेल, बरगडी मोडली म्हणून माणूस मरत नाही.

सासरे : काय हवंय तुला?

सून : तुमची लेक जिना चढतेय. तिला सांगा. तुमच्या तोंडाने.

(लेक धापा टाकत आत येते.)

लेक : बाबा, डॉक्टर म्हणाले बरगड्या मोडल्यात. वहिनी, आता बाबांनाही?

सासरे : तिला बोलू नकोस.

लेक : का नको? आधी दादाची छाती मोडली, आता तुमची.

सासरे : माझी मोडली, म्हणून तर बोलतोय.

लेक : म्हणजे?

सून : सांगा. मी इथून हलणार नाही.

सासरे : दादा बरगडीने नाही गेला, पोरी. हिचे हात चालू होते. थांबवले ते मी.