फोटोतला लाल डाग

धाड गावात टीबी तपासणीची गाडी आली होती. समता आपल्या नंबराची वाट पाहत बाकावर बसली होती. शेजारचं म्हातारं जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं.

"काम्पुटरनं तुमच्या छातीच्या फोटोत लाल डाग दाखवला. डॉक्टर म्हने टीबीचा संशय हाये."

"संशयच ना? मशीनले काय समजते?"

"म्हनूनच थुंकी तपासाले मांगून राह्यले."

"घरी चाल. सुनेले समजलं तं नातीले माह्यापाशी येऊ देनार नाई."

"रात्री कोनापाशी झोपते ते?"

म्हातारा उठून उभा राहिला.

"सांगा ना."

"माह्यापाशी."

"तिले बी खोकला हाये."

"काल थांबला होता."

"थांबला नोता. आबाची झोप मोडू नये म्हनून गोधडीत तोंड खुपसून खोकलून राह्यली होती."

म्हातारा पुन्हा बाकावर बसला.

"थुंकीची डबी दे इकडं. अन् सुनेले फोन लाव, पोरीले घेऊन ये म्हन."

म्हातारीनं फोन काढला, पण चष्म्याविना तिला नाव दिसेना. समतानं तिच्या हातातला फोन घेतला. "काय नाव हाये सुनेचं?"

"महामाया."

"लावून दे बाई," म्हातारा म्हणाला. "बोलतो मीच."