काळ्या काचेत पाडलेला भांग

महं नाव बालाजी. गाव जवळा बाजारच्या जवळच, सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अंगाला. बाप लहानपणीच गेला, मायनं लोकाच्या हळदीत राबून आमा भाऊ-बहिणीला मोठं केलं. मी आठवी नापास, वसमतला एकाच्या हाताखाली गाडीच्या काचाला फिल्म लावायचं शिकलो, आता सोताचं दुकान हाय. हात असा बसलाय की काचेवर एक बुडबुडा ऱ्हात न्हाई, व्हय, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाईक फिल्म कशी पसंत करतं, सांगू का. आमी काचेला तुकडे लावून दाखवतो, फिक्की, मधली, काळीकुट्ट. ते आत जाऊन बसतं, बाहीर बघतं, म्हणतं सगळं साफ दिसून राहिलं, काळीच लाव. काळी नियमात बसत न्हाई, पोलीस धरतात, तरी समद्याला तीच पायजे. पण इतक्या वर्षात एकानं बी बाहीर हुभं राहून आतलं माणूस दिसतं का, पाहिलं न्हाई. काहून पाहील? दिसू नये म्हणूनच तर लावतेत. अन् मीच कधी पाहिलं न्हाई, तर त्याहिला काय बोलू.

मह्या दाजीनं, म्हंजे थोरल्या बहिणीच्या मालकानं, जुनी गाडी घेतली. मी म्हणलं दाजी, फिल्म मह्याकडून. ते म्हणले मधली लाव, लई काळी नको. मी म्हणलं छ्या, मही माय बसणार हाय मागं, तिला ऊन लागंल, काळीच लावतो. मी म्हणलं बरं का हे, दाजी न्हाई.

मंग तो बाजाराचा दिवस. ऐन उन्हाळा. दाजी मायला घेऊन जवळा बाजारला आले, मायचे गुडघे धरलेले, ती म्हणली मी गाडीतच बसते. दाजी म्हणले पाच मिनिटात येतो, अन् सवयीनं बाहीरून लॉक करून गेले. किराण्याच्या दुकानात ही गर्दी. काचा वर, एसी बंद, अन् मागचं दार आतून उघडत नव्हतं, नातवंडं चालत्या गाडीत उघडतेत म्हणून तसं करून ठेवलेलं.

मी मोटरसायकलवर पोचलो, गाडी वळखली, वाटलं दोघं बी बाजारात गेले. काय सांगू तुम्हाला, मी काचेपाशी गेलो, कडंवरून अंगठा फिरवला, म्हणलं वा रे बालाजी, काय काम केलंस. अन् खिशातून कंगवा काढला. त्या काचेत बघून भांग पाडला मी, मिशी सारखी केली, दातात तंबाखू अडकली व्हती ती काढली, हसून बी पाहिलं. काच जराशी थरथरली. बाजूला मिरचीवाल्याचा भोंगा वरडून राहिला व्हता, मला वाटलं त्यानंच हलली.

तेवढ्यात दाजी आले, म्हणले माय बसली का बराबर? मी म्हणलं माय? माय तुमच्यासंगं न्हाई का? दाजीच्या हातातली पिशवी खाली पडली. दार उघडलं अन् आरं देवा रे, मही माय सीटवर कलंडलेली, लुगडं घामानं चिंब, अन् मी जिथं भांग पाडला, बराबर तिथंच आतून काचेवर तिच्या वल्ल्या पंजाचे ठसे.

दवाखान्यात सलाईन लावलं, सांजंला डोळे उघडले तिनं. तोवर मी खाली जाऊन ती फिल्म नखानं सोलली, नखातून रगत आलं. वर आलो तं माय म्हणती, बाला, तू मह्या तोंडापुढं आलतास. मी काच बडवली, बाला बाला म्हणलं, तू भांग पाडून राहिला व्हतास. मंग मह्या अंगातलं बळच गेलं. म्हणलं जाऊ दे, जाता जाता लेकराचं तोंड तरी दिसलं, ते बी हसताना.

आता मी सोता आत बसतो अन् गिऱ्हाइकाला बाहीर हुभं करतो, इचारतो, मी दिसून राहिलो का? न्हाई म्हणलं की ती फिल्म लावत न्हाई. निम्मे तिकडूनच दुसऱ्या दुकानात जातेत. जाऊ द्या.

माय बरी हाय, देवाची कृपा. मह्या खिशात आता कंगवा न्हाई, आरशापुढं हुभं ऱ्हायला हिंमत होत न्हाई. माय म्हणती असा काय झिपऱ्या घेऊन फिरतूस, ये, बस इथं. रोज सकाळी तीच मह्या केसाला तेल लावती, भांग पाडती, अन् हनुवटी धरून म्हणती, हास बरं एकदा. मी हसतो. ती सांगती म्हणून हसतो.