गेटवरचा पुंडलिक

(पेणजवळचं खाडीकाठचं गाव, १९९४. पुंडलिकचं तेरावं कालच झालं. त्याचा पलटणीतला सोबती दामू रोह्याहून भेटायला आलाय. समोर पुंडलिकची बायको सगुणा आणि मुलगी नम्रता.)

दामू : ...पायात गोळी माझ्या. पाठीवर टाकून बर्फातनं खाली आणला मला, वयनी. बासष्टच्या लढाईत. असा माणूस पुन्हा होणं नाय.

सगुणा : नाय झाला तर बरंच.

नम्रता : आये! काका एवढ्या लांबून आलेत.

सगुणा : आले तर ऐकू दे. भावजी, आमचा थोरला सात वर्षांचा व्हता. बांधावर साप चावला त्याला. उचलून मी कंपनीच्या गेटावर पळाले. हे तिथं वॉचमन. मागं जीप उभी. म्हणलं, चला पेणला दवाखान्यात. काय म्हणाले, ठाऊक हाय?

दामू : काय?

सगुणा : ‘शिफ्ट सुटल्याबिगर गेट सोडता येत नाय. तू हो पुढं.’

नम्रता : पुरे ना, आये.

सगुणा : चालत निघाले. वाटेतच पोर खांद्यावर गार पडलं. तुमाला उचलायला पाठ व्हती, पोटच्या पोराला नव्हती?

दामू : त्यानं सांगितलं नाय तुम्हाला?

सगुणा : काय सांगायचं व्हतं?

दामू : मला उचलायला पुंडलिकनं पोस्ट सोडली. हुकूम नव्हता. दुश्मन तिथनंच आत घुसला. पलटणीतली आमची दोन पोरं मेली. बाहीवरची फीत उतरवली त्याची, हुद्दा गेला. तेव्हापासून जागा सोडायला भ्यायचा. म्हणायचा, मी हललो की मागं कुणीतरी मरतं.

सगुणा : म्हंजे माझं पोर तुमच्यापायी गेलं.

नम्रता : असं काय बोलतेस गं!

सगुणा : खोटं हाय? सांगा, भावजी.

दामू : खोटं नाय.

सगुणा : नाव तरी ठाऊक हाय त्याचं?

दामू : हरेश. दरसाल त्याच्या तिथीला पुंडलिक रोह्याला यायचा. माझ्या ओटीवर बसून रडायचा. लहान पोरासारखा.

नम्रता : बाबा? ते तर सांगायचे, त्या दिवशी ओव्हरटाइम असतो.

सगुणा : तुमच्या ओटीवर?

दामू : व्हय, वयनी.

सगुणा : मी इथं एकटीच रडायचे.