अण्णांनी सोडलेली घोडी

(खर्डा. सकाळची वेळ, अण्णांच्या तबेल्यासमोर. त्यांची मुलगी पंकजा घोडीचा पाय बघतेय.)

गहिनीनाथ: त्या डाव्या पायाकडं रोज काय बघतीस, ताई? डॉक्टरनं बघितला, फोटू काढला, काय न्हाई म्हनला.

पंकजा: एक्स-रे मीही बघितला, नाथकाका. पाय स्वच्छ आहे.

गहिनीनाथ: मग झालं की.

पंकजा: मग अण्णा पडले कसे?

गहिनीनाथ: घोडं हाय. कोनतंबी घोडं पडतंय.

पंकजा: चाळीस वर्षं घोड्यावर बसलेला माणूस. सपाट मैदान, खडा नाही, खड्डा नाही. तुम्ही तिथे होता.

गहिनीनाथ: हुतो. दीड महिना झाला, तेच सांगतूय. वळनावर डावा पाय दुमडला, अन्ना म्होरं गेलं. घोडी उठली आन माज्याकडं सरळ चालत आली, जनू काय झालंच न्हाई. आता पुन्यांदा इचारू नगंस.

पंकजा: देवळालीचा मच्छिंद्र येतोय आज. हिला न्यायला टेम्पो घेऊनच येतोय.

गहिनीनाथ: बरं हाय. वहिनी म्हंत्यात न्हवं, ही घोडी दारात नगं. परवा पानी पाजाया आल्या आन बादली भरलेली तशीच ठिवून घरात गेल्या.

पंकजा: तो स्वतः बसणार आहे तिच्यावर. त्यांच्या यात्रेतल्या शर्यतीत.

गहिनीनाथ: कोन, मच्छिंद्र?

पंकजा: हो. म्हणून विचारते. पुण्यात ही घेताना अण्णांनी हात लावून बघितला होता का?

गहिनीनाथ: हात न लावता त्यांनी कदी घोडं घेतलंय?

पंकजा: चंदी खाताना?

गहिनीनाथ: तवाच की. घोडं चालताना खोटं बोलतंय, पळताना बोलतंय, मालक म्होरं उभा असला तर लईच बोलतंय. तोंड चंदीत असलं का समदं इसरतंय. मग गुडघ्याखाली हात ठिवायचा आन गप बसायचं. तू ल्हान असताना हसायचीस, अन्ना घोड्याचा ताप बघत्यात म्हून.

पंकजा: त्या दिवशी हात ठेवून काय म्हणाले?

गहिनीनाथ: काय म्हंत्याल? घेतली की घोडी.

पंकजा: तुम्ही माझ्याकडे बघून बोलत नाही.

गहिनीनाथ: खरारा करतूय. घोडीकडं बघू का तुज्याकडं? आला बघ टेम्पो.

मच्छिंद्र: राम राम ताई. राम राम नाथबाबा. भागवतअण्णांचं कळलं तवा मी कारखान्यावर होतो. दहाव्याला यायला पाहिजे होतं, राहिलं. मनाला लागलंय.

पंकजा: बसा. चहा सांगते.

मच्छिंद्र: चहा नंतर. आधी हिला बघू द्या. काय उभी राहिलीय! ताई, तुमचा तो तक्ता मी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय. शेवटच्या सात शर्यतींचं टायमिंग, आईबापाची रेसकोर्सवरची कामगिरी, कुठल्या अंतराला दम टिकतो, किती वजनाच्या स्वाराला कितपत पळते. सहा घोड्यांत ही पहिली. आमच्याकडं लग्नाची पोरगी बघताना एवढे कागद नसतात.

गहिनीनाथ: पोरगी लाथ मारत न्हाई.

मच्छिंद्र: बाबा, तुमचं लग्न झालेलं नाही म्हणून असं म्हणता. ताई, तुमी पुण्यात विमा कंपनीत ना? तिथं नेमकं काय करता?

पंकजा: कुणाला किती धोका आहे, ते मोजते.

मच्छिंद्र: बघा! आणि आमचे दादा आयुष्यभर भागवतअण्णांच्या पाठीवर पैसे लावत होते.

पंकजा: पाठीवर म्हणजे?

मच्छिंद्र: तुमाला माहीत नाही? शर्यतीआधी अण्णा घोड्यांमधून एक चक्कर मारायचे. लोक त्यांच्यावर डोळा ठेवून. ते ज्या घोड्याकडं पाठ करून निघून जायचे, त्याच्यावर लोक पैसे लावायचे नाहीत. मालक शिव्या द्यायचे. आमचे दादा म्हणायचे, अण्णा कुठं थांबले ते बघू नको, कुठं थांबले नाहीत ते बघ. आता ते दिवस गेले. आता आकडे.

पंकजा: अण्णांचे आकडेही मी काढले होते. गेल्या दिवाळीला.

मच्छिंद्र: काय निघालं?

पंकजा: त्यांनी घेतलेली चौतीस घोडी. त्यांतली सतरा चांगली पळाली, सतरा नाही. मी त्यांना म्हटलं, अण्णा, नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

मच्छिंद्र: मग? चिडले?

पंकजा: हसले. म्हणाले, पुढचं घोडं तू निवड.

मच्छिंद्र: आणि तुमी ही निवडली. झ्याक निवडली. बाबा, लगाम द्या. एक फेरी मारून बघतो, मग चहा घेऊ आणि चढवू टेम्पोत.

गहिनीनाथ: आज नगं.

मच्छिंद्र: का? खाल्लंय का तिनं आत्ताच?

गहिनीनाथ: न्हाई.

मच्छिंद्र: मग द्या की.

पंकजा: नाथकाका, लगाम का देत नाही?

गहिनीनाथ: न्हाई देत म्हनलं ना! एक मानूस गेला माज्या डोळ्याम्होरं. दुसरा बसवू?

मच्छिंद्र: आता हे काय? मघाशी तर तिला नवरीसारखं सजवत होता.

गहिनीनाथ: तू मधी बोलू नगंस, मच्छिंद्र. ताई, तू घेतलेली मोजलीस. चौतीस. सोडलेली कुठं मोजलीस?

पंकजा: सोडलेली?

गहिनीनाथ: एक घोडं घ्यायच्या आदी अन्ना धा घोडी सोडायचं. धाच्या धाला हात लावून. ती कुठं हायती तुज्या कागदात?

पंकजा: नाहीत.

गहिनीनाथ: घेतलेलं घोडं पळंल का न्हाई, ते त्यांना तरी कुठं कळत हुतं? ते म्हनायचं, पळनं देवाच्या हातात. पर मोडंल कोनतं, ते कळायचं. चौतिसातलं एक तरी मोडलं का? एखाद्यानं मानूस पाडला का? सांग.

पंकजा: नाही. एकही नाही.

गहिनीनाथ: मग सतरा आन सतरा काय घिऊन बसलीस?

पंकजा: हिला हात लावून काय म्हणाले अण्णा?

गहिनीनाथ: ताई.

पंकजा: सांगा.

गहिनीनाथ: लई येळ हात ठिवला. चंदी संपली, त्या लोकानला अजून घाला म्हनलं. पुन्यांदा ठिवला. मग उठून मला म्हनलं, नाथा, ही नगं. डावा पाय काय तरी लपिवतोय.

मच्छिंद्र: पण एक्स-रे क्लिअर आहे! मी स्वतः बघितलाय, ताईंनी पाठवला होता.

गहिनीनाथ: मी कुठं न्हाई म्हंतो?

पंकजा: मग घेतली का?

गहिनीनाथ: भाईर आलो. मी म्हनलं, चला, गाडी सापडंल अजून. तर तुजा कागद खिशातनं काढून उभंच ऱ्हायलं. वाचता कुठं येत हुतं त्यांना तसलं. नुसतं धरून उभं.

पंकजा: माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसला होता?

गहिनीनाथ: आकड्यावर? छ्या. मला म्हनलं, नाथा, पोरगी वीस वर्सं ह्या तबेल्याकडं नाक मुरडत हुती. पयल्यांदा माज्या कामात हात घातलाय तिनं. पयलाच कागद खोटा कसा पाडू? आपुन हिला जपून पळवू. आन माघारी गेलं, इसार दिऊन आलं.

मच्छिंद्र: ताई, बसा खाली. बाबा, पाणी आणा.

पंकजा: नको. मी ठीक आहे. मच्छिंद्र, घोडी द्यायची नाही.

मच्छिंद्र: असं कसं? यात्रा तीन आठवड्यांवर आलीय. गावात सांगून बसलोय मी.

पंकजा: माहीत आहे. चूक माझी आहे.

मच्छिंद्र: राग मानू नका, पण एका मेलेल्या माणसाच्या हाताला काय तरी लागलं, तेही बाबा आज सांगतायत. एवढ्यावर? सगळे आकडे बरोबर आहेत म्हणून तुमीच फोनवर सांगितलं मला.

पंकजा: बरोबरच आहेत. एकही खोटा नाही. पण ती किती पळेल एवढंच मी मोजलं होतं. वर बसलेल्याचं काय होईल, ते मोजलंच नव्हतं. माझं रोजचं काम तेच आहे, आणि घरी मी तेवढंच विसरले.

मच्छिंद्र: दुसरा कोणी जास्त देतोय का? स्पष्ट सांगा.

पंकजा: कुणालाच देणार नाही.

मच्छिंद्र: आणि पाय चांगला असला तर? ही जन्मभर दारात उभी राहून खाणार?

पंकजा: असेलही चांगला. मला कळायचा मार्ग नाही. पुरावा मागाल तर तोही नाही. तुम्ही मला वेडी म्हणा, चालेल. तुमच्या घरी कोण कोण आहे?

मच्छिंद्र: चांगुणा. दोन पोरी. आई हाय.

पंकजा: त्यांना माझा नमस्कार सांगा.

मच्छिंद्र: दादा असते तर म्हणाले असते, चल, अण्णांनी पाठ फिरवलीय. मला मात्र पटत नाही, ताई. पटत नाही. येतो मी.

गहिनीनाथ: चहा तरी घे.

मच्छिंद्र: टेम्पोवाला खोळंबलाय, बाबा.

गहिनीनाथ: गेला. रागानं गेला.

पंकजा: जाऊ दे. घरी तर पोचेल. तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

गहिनीनाथ: अन्नानं गाडीत बसताना सांगितलं हुतं, पंकीच्या कानावर जाऊ दिऊ नगंस. त्यांचं सांगनं मोडलं आज. आता वहिनीला तरी कागदाचं काय बोलू नगंस.

पंकजा: आईला सांगावं लागेल. घोडी दारात का राहणार, हे ती विचारेलच.

गहिनीनाथ: तिला झेपायचं न्हाई.

पंकजा: मला तरी कुठे झेपतंय? पण रोज ती ही घोडी बघणार आणि कारण मला एकटीला माहीत असणार, हे नको. आज संध्याकाळी सांगेन. तुम्ही सोबत बसा.

गहिनीनाथ: बसंन.

पंकजा: ती सोडलेली घोडी आठवतात का तुम्हाला?

गहिनीनाथ: काही आठवत्यात. जामखेडची काळी. दिसाया रानी. अन्ना नगं म्हनलं, दुसऱ्यानं घेतली, पोळ्याच्या आदी खुब्यात मोडली. मग एक उंच तांबडा हुता. त्यानं स्वाराचा खांदा मोडला. मग शेवगावचा ठिपक्या.

पंकजा: त्याचं काय झालं?

गहिनीनाथ: त्यानं तीन यात्रा मारल्या. खोटं कशाला बोलू? अन्नाचा हात चुकला हुता. महिनाभर भाकरी खाताना त्याचंच नाव काढायचं, आन वहिनी म्हनायच्या, घास तरी गिळा आदी.

पंकजा: तोही सांगा. सगळी सांगा, चांगली निघालेलीसुद्धा. मी लिहून घेते.

गहिनीनाथ: आता कशाला? कोन घोडं घेनार हाय आता ह्या घरात?

पंकजा: कुणी नाही. तरी सांगा.

गहिनीनाथ: काळी, तांबडा, ठिपक्या. मग ते दोन भाऊ-भाऊ, एकाच घोडीचं. मग लंगड्या पाटलाची पांढरी. आठवंल तसं सांगतो.

पंकजा: सहा झाली. आणि ही?

गहिनीनाथ: हिला कशी धरायची, ताई? ही तर घेतली.