बट्टीचा घास

सासरी मला अजून ‘अभद्र तोंडाची’ म्हणतात ना, त्याला कारण आमच्या लग्नातली वांग्याची भाजी.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट, लग्न सुरतेला, उधन्यात. पंगतीत नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा होता. ह्यांनी बट्टीचा तुकडा उचलला, तोच मावससासूबाईंनी ह्यांचा हात धरून तो भाजीत बुडवला. भाजी खानदेशी, दाण्याच्या कुटाने घट्ट झालेली.

मी म्हटलं, “मावशी, मला दाण्याची ॲलर्जी आहे. चिमूटभर कुटानेही घसा सुजतो.”

“थांब,” म्हणाल्या आणि घासावरचे दोन दाणे बोटाने काढून टाकले. “घे, आता खा.”

“अहो, रश्शात कूट आहे!”

“मलाही दूध सोसत नाही, पोट फुगतं. तरी बासुंदी खाल्लीच ना मी? शुभकार्यात घासाला नाही म्हणू नये.”

सगळी पंगत बघायला लागली. आई मला डोळ्यांनी गप करत होती. मी कसली गप बसते!

“मावशी, न सोसणं वेगळं. तुमचं पोट फुगलं तर ओव्यावर भागतं. माझा घसा सुजला तर चौघांना खांदा द्यावा लागेल. नवी साडीही आणायला नको, शालू अंगावर आहेच.”

वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबले. ह्यांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि मला पेढा भरवला.

मावशी आजही येईल त्याला सांगतात, सून अभद्र बोलली म्हणून. सांगू देत. ऐकायला मी जिवंत आहे.