डाव्या बाजूचं बकरम

(शिंप्याचं दुकान, सकाळची वेळ. कापायच्या टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, दुसऱ्या बाजूला शिंपी. शिंप्याची बायको मशीनजवळ उभी.)

शिंपी : पळून जायचा कोट असा वेगळा नसतो, साहेब. कोट तो कोट. तो घालून माणूस कचेरीत जातो की देशाबाहेर, हे ज्याचं त्यानं बघावं.

अधिकारी : मास्तर, ज्या माणसाने सहा वर्षं देशाला युद्धात भरडलं, त्याला तुम्ही परवा कारकुनाचा कोट शिवून दिलात. तो घालून तुमचे ते साहेब काल पुलावरच्या चौकीपर्यंत पोचले आणि सापडले. आता मला हा कागद भरायचाय. 'हेतू' म्हणून एक रकाना आहे. त्यात दोनच गोष्टी बसतात. पळायला मदत केली, नाहीतर पकडायला मदत केली. पहिल्याला दहा वर्षं तुरुंग. दुसऱ्याला पदक आणि पेपरात फोटो.

बायको : दुसरं लिहा. पकडायला मदत. कारण तो कोट...

शिंपी : अगं, साहेब केव्हाचे बसलेत, पाणी तरी आण.

बायको : आणते. पण लिहा तुम्ही.

शिंपी : तिचं मनावर घेऊ नका. तुम्ही तिसरं लिहा. सवय.

अधिकारी : सवय हा हेतू होत नाही.

शिंपी : आमच्या धंद्यात होतो. सव्वीस वर्षं त्या माणसाचे कपडे शिवले मी. पहिला कोट शिवला तेव्हा तो पालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसायचा. छाती चौतीस, पोट अठ्ठावीस. निवडणुकीला उभा राहायचं होतं. म्हणाला, "मास्तर, गरीब वाटेन असा शिवा, पण स्वस्त वाटू नये." निवडून आला, पोट बत्तीस. मंत्री झाला, छत्तीस. युद्ध सुरू झालं आणि लोकांच्या पोटाला चिमटे बसायला लागले, तेव्हा याचं बेचाळीस.

अधिकारी : मुद्द्यावर या.

शिंपी : मुद्द्याच्याच भोवती टेप गुंडाळतोय. युद्ध लागल्यावर त्याला गणवेश हवा झाला. जन्मात बंदूक धरली नव्हती. एकदा फोटोसाठी धरली, तीही उलटी. पण गणवेशाला सेनापतीपेक्षा एक बटण जास्त पाहिजे! मग पदकं सुरू झाली. एक शहर हातचं गेलं की याच्या छातीवर एक पदक. मला रेडिओ लावायची गरजच नव्हती. ट्रायलला आला की छातीवरची मोजायचो. म्हणजे एवढी शहरं गेली.

अधिकारी : (हसू आवरत) किती होती शेवटी?

शिंपी : सतरा. त्या वजनाने कोट डावीकडे लोंबायचा. म्हणून मी डाव्या छातीला दुहेरी बकरम घालायला लागलो.

अधिकारी : बकरम?

शिंपी : कॉलरच्या आत असतं ना, ते कडक कापड. अस्तराखाली दडलेलं. वरून कोट कसा फळीसारखा ताठ राहतो. आणि उजव्या खिशात शिशाचे तुकडे, तोल सांभाळायला. देशाचा तोल गेला तो गेला, कोटाचा मी जाऊ दिला नाही.

बायको : पाणी घ्या. आणि आता माझं ऐका. त्या कारकुनाच्या कोटात...

शिंपी : ...तेच बकरम गेलं, सवयीने! हात आपोआप चालला. अगं, पाणी कोमट आहे हे. माठातलं आण.

बायको : माठातलंच आहे.

शिंपी : मग चहा ठेव.

अधिकारी : थांबा, काकू. तुम्ही बोला. चौकीवर काय झालं ठाऊक आहे ना? शिपायाला वाटलं, या म्हाताऱ्या कारकुनाची डावी छाती एवढी ताठ कशी? आत काहीतरी लपवलंय. त्याने छातीवर थाप मारली. झालं! साहेब टाचा जुळवून ओरडले, "कुणाला हात लावतोस?" सहा वर्षं रेडिओवर ऐकलेला आवाज. पूल जागच्या जागी थांबला. तर काकू, तो कोट शिवताना तुम्ही इथे होतात?

बायको : होते. मागच्या खोलीत त्याला लपवलं होतं. आमच्याच स्टुलावर बसून आमचंच खात होता. ट्रायलला आला की दर वेळी मला सांगायचा, "काकू, तुमचा मुलगा मुख्यालयात आहे. नकाशे गुंडाळतो. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही." चार वर्षं सांगत होता. मी वेडी, त्याच्या कोटाला काजं करताना देवाकडे त्याचंच आयुष्य मागायची. मागच्या हिवाळ्यात आघाडीवरून सामानाची पेटी आली. आमच्या मुलाची म्हणून. त्यात दुसऱ्याच कुणाचे बूट होते.

शिंपी : अगं, पुरे.

बायको : परवा मी त्याला विचारलं, "माझा मुलगा कुठे आहे?" तर जेवता जेवता मान वर करून म्हणाला, "कोणता मुलगा?" एवढंच. वर मीठ मागितलं. म्हणून सांगते, लिहा. मी...

शिंपी : साहेब, ही दुःखाने बोलतेय. कोट मी कापला, मी शिवला. हिचा हात लागलेला नाही.

अधिकारी : मास्तर, सरळ 'मुद्दाम' म्हणा ना. सुटाल, वर पदक मिळेल. भल्याभल्यांनी या आठवड्यात पदकं घेतली. त्याचे भाट होते तेही रांगेत आहेत.

शिंपी : आणि पेपरात फोटो. त्याची माणसं सगळी सापडलीत का?

अधिकारी : ...सगळी नाही.

शिंपी : तेच म्हणतो मी. पदक नको. आमच्या घरात कुणाच्या कोटाला तेवढं बकरम नाही.

अधिकारी : मग तुरुंग. मला मधलं काही लिहिता येत नाही. किंवा... एक आहे. 'शिंप्याची नजर अधू. गिऱ्हाईक ओळखलं नाही. कापडही नीट दिसलं नाही.' ओळखलंच नाही म्हटल्यावर हेतूचा प्रश्नच मिटला.

शिंपी : अधू? माझी नजर? काळ्या कापडावर काळा टाका घालतो मी अजून!

अधिकारी : माहितीये. माझ्या लग्नाचा कोट तुमचाच आहे. म्हणून तर मघापासून पेन हातात धरून बसलोय. पण हे लिहिलं की दुकानाचा परवाना जाईल. आंधळ्या शिंप्याला परवाना ठेवता येत नाही.

बायको : नाही लिहायचं असलं काही! अहो, चाळीस वर्षांचं दुकान...

शिंपी : लिहा.

अधिकारी : नक्की?

शिंपी : लिहा लवकर. सही कुठे करू? इथे? बघा, ओळीच्या बाहेर करतो. खरं वाटलं पाहिजे.

अधिकारी : पाटी संध्याकाळपर्यंत उतरवा. येतो मी. काकू... पाण्याबद्दल आभार.

बायको : गेला. गल्लीच्या वळणापर्यंत गेला. आता सांगा, तीन वेळा मला आत कशाला हाकलत होतात? एवढी कसली तहान लागली होती?

शिंपी : तू बोलून बसली असतीस.

बायको : बोलणारच होते. बकरम तुम्ही घातलंच नव्हतं. कोट कापून तुम्ही माझ्याकडे दिलात तेव्हा छाती मऊ होती. अस्तर लावता लावता मी घातलं. दुहेरी. त्याच्या त्या मिठाच्या दाण्यादाण्याला एकेक टाका घातला. तुम्ही उगाच स्वतःची चूक समजून बसलात, दुकान घालवलंत.

शिंपी : चूक समजून? चाळीस वर्षांत माझी चूक झालेली तू पाहिलीस?

बायको : मग?

शिंपी : शेवटची इस्त्री कुणी केली?

बायको : तुम्ही.

शिंपी : बकरमावरून इस्त्री फिरली की हाताला कळतं. आंधळ्यालाही.

बायको : म्हणजे तुम्हाला... अहो, मग उसवलं का नाहीत?

शिंपी : टाके तुझे होते. दाबून इस्त्री केली आणि त्याला कोट घातला.